होल्ड कशासाठी होता

सोमवारी आमचं वाचनालय बंद असतं, म्हणून संगणकाची मोठी कामं मी सोमवारी काढते. १५ सप्टेंबर २०२५ चा सोमवार पितृपंधरवड्यात आला होता. आदल्या दिवशी कार्यवाहांनी फोनवर विचारलं, "या दिवसांत नवीन काही कशाला काढताय? घट बसले की करा." मी म्हटलं, "सर, नवीन काही नाही. आहे तीच सिस्टिम पुढच्या आवृत्तीवर न्यायचीय. आणि एकदा घट बसले की दिवाळी अंकांची धांदल सुरू होते, मग संगणक मला मोकळा मिळायचा नाही." ते त्यांना पटलं. सकाळी दहाला शिपाई मामांनी कुलूप काढलं, पंखा लावून दिला आणि ते वर्तमानपत्रांच्या फायली लावायला आतल्या खोलीत गेले.

तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं वाचनालय. संगणक एकच, देवघेवीच्या टेबलाला लागून. पुस्तकांची दाखलनोंद, सभासदांची यादी, वर्गणीच्या पावत्या, सगळं त्याच्यावर. त्यावर डेबियन लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, मीच टाकलं आणि तेव्हापासून त्याची देखभालही माझ्याकडे आली. मी काही संगणकाचं शिक्षण घेतलेली नाही. मी मुद्रितशोधन करते. पण प्रुफं वाचायची सवय या कामात जेवढी उपयोगी पडते तेवढं दुसरं काही पडत नाही, असा माझा अनुभव आहे, कारण लिनक्स अडतं तेव्हा का अडलं ते लिहून दाखवतं. वाचणारं कुणीतरी हवं असतं.

डेबियनची तेरावी आवृत्ती, 'ट्रिक्सी', ९ ऑगस्टला आली होती. तिच्यात ६९,८३० पॅकेजेस आहेत, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्यांना लागणारे सुटे भाग. आमच्याकडे बारावी होती, 'बुकवर्म', जून २०२३ ची. मी बॅकअप घेतला, पॅकेजेस कुठून आणायची ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फायलीत बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिहिलं आणि पहिली पायरी उरकली. या पायरीत नवीन पॅकेजेस न आणता आहेत त्यातली जमतील तेवढीच पुढे न्यायची असतात. ती सुरळीत झाली. मग दुसरी पायरी, फुल-अपग्रेड. दोनेक मिनिटं विचार करून ॲप्टनं, म्हणजे पॅकेजेस आणून बसवणाऱ्या प्रोग्रॅमनं, नावांची लांबच लांब यादी ओतली आणि खाली एक ओळ देऊन हात वर केले. ओळीचा मतलब असा, की गुंता सोडवायला गेलं तर काहीतरी मोडतंय, आणि हे कदाचित होल्ड केलेल्या, म्हणजे आहे त्याच आवृत्तीवर अडकवून ठेवलेल्या, पॅकेजेसमुळे असेल.

ती ओळ मी वाचली आणि सोडून दिली. याचं कारण सांगायला हवं. ॲप्टच्या तक्रारींत 'होल्ड' हा शब्द इतक्या वेळा येतो, आणि इतक्या वेळा प्रत्यक्षात कुठेही होल्ड नसतो, की सवयीनं डोळा त्याच्यावरून घसरतो. प्रुफातही असंच होतं. मुखपृष्ठावरची, मथळ्यातली चूक शेवटपर्यंत राहते, कारण ते सगळ्यांनी वाचलेलं असतं.

पॅकेजेसची भांडणं कशी होतात, हे मी दरवेळी लग्नघराच्या उदाहरणानं समजावते, कारण मला स्वतःला ते तसंच समजलं. प्रत्येक पॅकेजसोबत त्याच्या अटींची एक चिठ्ठी असते. 'डिपेंड्स' म्हणजे अमुक आला तरच मी येणार. 'कॉन्फ्लिक्ट्स' म्हणजे तो मांडवात असेल तर मी पाय ठेवणार नाही. 'ब्रेक्स' जरा सौम्य: तो असू दे, पण त्याच्या जुन्या रूपात माझं त्याच्याशी जमायचं नाही. 'रिप्लेसेस' म्हणजे त्याच्या हातातली अमुक कामं आता मी घेतोय. आणि मला सगळ्यात आवडते ती 'प्रोव्हाइड्स'. मुलीला बोहल्यावर आणायला मामा लागतो. सख्खा मामा नसेल तर चुलत मामा, मानलेला मामा उभा राहतो आणि लग्न अडत नाही, कारण अट मामाच्या जागेची असते, माणसाची नव्हे. डेबियनमध्ये टपाल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमची अशीच एक जागा आहे. एक्झिम त्या जागी उभा राहतो, पोस्टफिक्सही राहतो, पण दोघं एकदम नाही. दोघांच्याही चिठ्ठीत तसं लिहिलेलं असतं.

आता अशी सत्तर हजार पाहुणेमंडळी, प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी, आणि सगळ्यांच्या अटी सांभाळून पंगत बसवायची. २००६ साली रॉबेर्तो दि कोस्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध करून दाखवलं, की हा प्रश्न गणितात ज्यांना अतिशय अवघड मानतात त्या एनपी-कम्प्लीट प्रश्नांपैकी आहे. म्हणजे अटी वाढत गेल्या तर प्रत्येक वेळी झटपट उत्तर काढून देणारी कुठलीही रीत आज माणसाला ठाऊक नाही. पडद्यावर दोन मिनिटं नुसता ठोका हलत असतो तेव्हा आत हे चाललेलं असतं. १९९९ च्या मार्चमध्ये डेबियन २.१ सोबत ॲप्ट आलं, त्याआधी हा हिशेब बराचसा माणसांनाच करावा लागे: एक पॅकेज घ्यायचं, ते कुणाला मागतंय बघायचं, ते शोधून आणायचं, तेही आणखी कुणाला मागतंय बघायचं. म्हणून ॲप्ट अडलं की मला त्याचा राग येत नाही. एवढा हिशेब करून ते सांगतंय, की तुम्ही दिलेले दोन शब्द एकदम पाळता येत नाहीत, त्यातला कुठला मागे घ्यायचा ते तुम्ही ठरवा. गपचूप एक शब्द मोडून 'झालं' म्हणणारं यंत्र मला नको आहे.

हे शहाणपण मला आधीपासून नव्हतं. २०१६ साली माझ्या लॅपटॉपवर मी बाहेरच्या एका रिपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेजेसच्या साठ्यातून, ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर घेतला होता. काही महिन्यांनी अपडेट करताना ॲप्टनं विचारलं, की दोनशेच्या वर पॅकेजेस काढावी लागतील, चालेल का? एका कादंबरीची शेवटची प्रुफं दुसऱ्या दिवशी द्यायची होती. मी यादी न वाचता 'हो' म्हटलं. यादीत आख्खा डेस्कटॉप होता. रात्री अकरा वाजता काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि नाव-पासवर्ड विचारणारी एक ओळ, एवढंच उरलं. माझ्या फायली सुरक्षित होत्या, त्यांना धक्का लागला नव्हता, पण उघडून दुरुस्त करता येत नव्हत्या. प्रकाशकांना फोन करून दोन दिवस मागून घेतले. त्यांनी दिले. मला मात्र त्या फोनची आठवण अजून बोचते, कारण जे काम करून मी पोट भरते तेच मी त्या रात्री केलं नव्हतं. समोरचा मजकूर वाचला नव्हता.

म्हणून या वेळी यादी समोर आल्यावर मी कुठलीही सक्तीची आज्ञा दिली नाही. टोक धरून खाली उतरत जायचं ठरवलं. रीत अगदी साधी आहे. सगळं एकदम मागण्याऐवजी एकच पॅकेज मागायचं. ॲप्ट सांगतं, याला अमुक हवं आणि ते येऊ शकत नाही. मग ते अमुक मागायचं. असं करत जिथे उत्तर बदलतं तिथे थांबायचं.

पडद्याच्या कडेची पट्टी, एक्सएफसीई-पॅनल, तिच्यापासून सुरुवात केली. उत्तर आलं: मला लिबजीटीके-३-०टी६४ हवं, आणि ते येणार नाही. जीटीके म्हणजे खिडक्या, बटणं, मेनू रंगवणारी लायब्ररी, अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार भाग. तिला मागितलं. ती म्हणाली, मला लिबकप्स२टी६४ हवं, आणि ते येणार नाही. कप्स ही छपाईची व्यवस्था. 'फाइल' मेनूतून 'प्रिंट' म्हटल्यावर जी खिडकी उघडते ती जीटीके दाखवतं, म्हणून जीटीकेला छपाईची लायब्ररी लागते. मग लिबकप्स२टी६४ मागितलं. इथे उत्तराची जातच बदलली. 'हवं' असं काही नव्हतं. ब्रेक्स: लिबकप्स२. जुनं लिबकप्स२ जागेवर असेल तर मी येणार नाही.

म्हणजे सगळा पडदा, पट्टी, खिडक्या, फायलींचा प्रोग्रॅम, सगळे एका छपाईच्या लायब्ररीपाशी खोळंबले होते, आणि तिची वाट तिच्याच जुन्या नावानं अडवली होती.

हे 'टी६४' काय प्रकरण आहे ते सांगते, कारण या अपग्रेडमध्ये ते पदोपदी भेटतं. संगणक वेळ मोजतो ती १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले या आकड्यात. ३२ बिटांच्या जुन्या पद्धतीत हा आकडा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही. ती मर्यादा १९ जानेवारी २०३८ ला गाठली जाईल, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला अशा यंत्रांचं पंचांग थेट डिसेंबर १९०१ वर जाईल. हे टाळायला डेबियननं वेळ ६४ बिटांत मोजायचं ठरवलं, आणि २०२४ च्या सुरुवातीला ते काम अंगावर घेतलं. अडचण अशी, की लायब्ररीच्या आत वेळेची रुंदी बदलली तर तिच्यावर बेतलेला जुना प्रोग्रॅम चुकीच्या ठिकाणचा आकडा उचलतो. तो नव्या लायब्ररीला चुकूनही जोडला जाऊ नये म्हणून शेकडो लायब्ररींची नावंच बदलली, प्रत्येकीच्या शेपटाला टी६४ लावलं. नव्या नावाच्या पॅकेजनं जुन्याची जागा घ्यायची आणि जुन्यानं उठायचं.

आमचा संगणक ६४ बिटांचा आहे. त्याच्यात वेळ आधीपासूनच ६४ बिटांत मोजली जाते, म्हणजे २०३८ ची भीती त्याला नव्हतीच. तरीही त्याच्यावरची नावं बदलली, कारण छोट्या ३२ बिटांच्या एआरएम यंत्रांवर आणि आमच्यासारख्यांवर वेगवेगळी नावं ठेवली असती तर पॅकेजेस सांभाळणाऱ्यांचं काम दुप्पट झालं असतं. आमच्या यंत्राला फायदा शून्य, आणि तरी त्या बदलात सामील होणं मला योग्य वाटतं. डेबियन पगारी माणसांच्या जिवावर चालत नाही, जगभरची मंडळी आपला वेळ काढून हे करतात. त्यांचं काम सोपं होत असेल तर आमच्या यंत्रावरच्या काही नावांना शेपूट फुटलं म्हणून काय बिघडलं?

तर जुनं लिबकप्स२ उठत का नव्हतं? आता ती सोडून दिलेली ओळ आठवली. ॲप्ट-मार्क शोहोल्ड अशी आज्ञा दिली. उत्तरात एकच शब्द आला: लिबकप्स२.

होल्ड यंत्र आपण होऊन लावत नाही. कुणीतरी हातानं लिहिलेलं असतं, की याला हात लावू नका. या संगणकाचा मुख्य पासवर्ड माझ्याशिवाय कुणाकडे नाही. म्हणजे ते मीच लिहिलं होतं, आणि मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं.

ॲप्टच्या हाताखाली पॅकेजेस प्रत्यक्ष बसवतो तो प्रोग्रॅम डीपीकेजी. मी त्याची स्थितीची फाइल उघडली. तिच्यात प्रत्येक पॅकेजची नोंद असते आणि नोंदीत तीन शब्दांची एक ओळ. बहुतेकांपुढे असतं 'इन्स्टॉल ओके इन्स्टॉल्ड': ठेवायची इच्छा आहे, गडबड काही नाही, आणि आहे. लिबकप्स२ पुढे होतं 'होल्ड ओके इन्स्टॉल्ड'. पहिला शब्द माझा. बराच वेळ मी त्या ओळीकडे बघत बसले. प्रुफात खोडलेला शब्द तसाच ठेवायचा असेल तर आम्ही त्याच्याखाली ठिपके देतो. पूर्वी जुळाऱ्याला आणि आता ऑपरेटरला ते बरोबर समजतं. ठिपके का दिले, हे मात्र कुणी लिहीत नाही. पुढच्या प्रुफाला तोच शब्द पुन्हा खटकला, तर मीच माझे ठिपके बघून विचारात पडते, की तेव्हा मला काय ठाऊक होतं जे आता नाही?

होल्ड नुसता काढून टाकणं एका ओळीचं काम होतं. पण कारण कळल्याशिवाय मला ते करवेना. ॲप्ट आपण काय काय केलं त्याची रोजनिशी ठेवतं, तिच्यात शोधलं. ती दर महिन्याला गुंडाळली जाते आणि मागच्या बारा महिन्यांच्याच प्रती राहतात. सप्टेंबर २०२४ च्या मागचं काही नव्हतं. तिथपर्यंतच्या नोंदींत लिबकप्स२ चं नाव कुठेच नव्हतं, म्हणजे होल्ड त्याहून जुना. टर्मिनलमध्ये आपण दिलेल्या आज्ञा साठतात त्या फायलीतही एवढं जुनं उरलेलं नव्हतं. यंत्रानं माझा शब्द तंतोतंत पाळला होता, पण तो कशासाठी दिला हे त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं.

याच काळात काय घडलं होतं ते आठवून मला जास्त वाईट वाटलं. २०२४ च्या सप्टेंबरअखेर कप्सच्या कुटुंबातल्या काही गंभीर त्रुटी जाहीर झाल्या होत्या. त्या साखळीसारख्या एकमेकींना जोडल्या, तर नेटवर्कवरून दुसऱ्याच कुणाला आपल्या संगणकावर हुकूम चालवता येईल अशा. मी त्याच आठवड्यात वाचनालयात येऊन अपडेट दिलं होतं. होल्ड असलेल्या पॅकेजला सुरक्षेची दुरुस्तीही पोचत नाही, आणि छपाईची काही पॅकेजेस मागे ठेवली आहेत असं ॲप्ट तेव्हाही सांगत असणार. मी शेवटचं 'झालं' बघून घरी गेले होते.

ताईंना फोन लावला. ताई म्हणजे आमच्या ग्रंथपाल, वाचनालयात त्यांना गेली वीस वर्षं झाली. सुट्टीच्या दिवशी त्रास दिल्याबद्दल माफी मागून विचारलं, "ताई, प्रिंटरचं आपण पूर्वी काही केलं होतं का? मी त्यात काहीतरी बदलून ठेवलेलं दिसतंय."

"अगं, दिवाळी अंकांची यादी निघत नव्हती ते विसरलीस?" त्या लगेच म्हणाल्या. "कुठलं बरं साल... करोनानंतरचं. तू रात्री आठपर्यंत बसली होतीस. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात कामाच्या वह्या आहेत, बघ त्यात. मी लिहिलेलं असेल."

दिवाळी अंक योजना ज्यांनी पाहिली नसेल त्यांना त्या यादीचं महत्त्व कळायचं नाही. सभासद वेगळी वर्गणी भरतात आणि दिवाळीनंतर दोन-तीन महिने अंक फिरत राहतात. कुठला अंक कुणाकडे आहे, कुणाचा नंबर पुढे आहे, हे त्या छापील यादीवर टिचक्या मारून चालतं. पहिल्या दिवशी सकाळपासून दारात माणसं उभी असतात. यादी नाही म्हणजे अंक नाहीत.

खणात कडक पुठ्ठ्याच्या तीन वह्या होत्या. मधली २०२३ ची. ताईंचं अक्षर गोल, सुटं, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं. नोव्हेंबरच्या पानावर सापडलं. दुपारी यादी काढायला घेतली, छपाई होत नाही. मला बोलावलं. मग पुढच्या दोन ओळी, जशाच्या तशा: "सायं. ७.३० मामांनी प्रिंटर उघडून आत डावीकडे अडकलेला कागदाचा तुकडा काढला. छपाई सुरू. यादी १४ पाने, ३ प्रती."

माझ्या होल्डचा त्यात उल्लेखही नव्हता.

हळूहळू ती संध्याकाळ परत आली. त्या दिवशी सकाळीच मी अपडेट दिलं होतं, त्यात कप्सची पॅकेजेस होती. दुपारी प्रिंटर गप्प झाला. सकाळी अपडेट, दुपारी बिघाड, मग दुसरं कारण कशाला शोधायचं? मी डेबियनच्या जुन्या पॅकेजेसच्या साठ्यातून मागची आवृत्ती उतरवली, कप्सला मागे नेलं, पुन्हा पुढे जाऊ नये म्हणून लिबकप्स२ ला होल्ड लावला. मी टेबलाशी हे करत होते तेव्हा मामा पलीकडे प्रिंटरचं झाकण उघडून बसले होते. दोघांचं काम एकाच सुमाराला संपलं. कागद बाहेर आला. मी घरी गेले ती माझ्या होल्डमुळे झालं असं धरून, आणि ताईंनी वहीत लिहिलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

मी आतल्या खोलीत गेले. मामा फायलींना दोऱ्या बांधत होते. त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. म्हणाले, "हां, तिथंच अडकतो. ओल्या दिवसांत जास्त. तुम्हाला सांगायचं राहिलं असेल."

कारण कळल्यावर काम सोपं होतं. होल्ड काढला, फुल-अपग्रेड पुन्हा दिलं. या वेळी ॲप्टनं तीन याद्या समोर ठेवल्या: पुढे जाणारी, नव्यानं येणारी आणि काढली जाणारी पॅकेजेस. काढायची यादी लांब होती. मी ती कागदावर उतरवून घेतली आणि मूळ प्रत व प्रुफ ताडून बघतात तशी ओळीनं ताडली. डावीकडे जाणारं नाव, उजवीकडे तेच नाव टी६४ लावून येणारं. लिबकप्स२ गेलं, लिबकप्स२टी६४ आलं. लिबजीटीके-३-० गेलं, लिबजीटीके-३-०टी६४ आलं. ज्यांना जोडीदार सापडला नाही अशी पाच-सहा नावं उरली, त्यांची माहिती एकेक उघडून वाचली. एकही आमच्या वापरातलं नव्हतं. यात पाऊण तास गेला. तो गेला याचं मला काही वाटत नाही, कारण 'हो' म्हणताना कशाला हो म्हणतेय हे मला माहीत होतं.

डाउनलोडला दीड तास लागला. मधे कप्सच्या सेटिंगची फाइल तुमची ठेवू की नवी घालू, असं विचारून डीपीकेजी थांबलं. फरक दाखव म्हटलं, बघितला, नवी घेतली.

सक्ती कधीच करू नये असं मी म्हणणार नाही. २०२५ च्याच जूनमध्ये पुण्याहून भाच्याचा फोन आला होता. तो आर्च लिनक्स वापरतो, तिथे ॲप्टचं काम पॅकमन करतो. "मावशी, पॅकमन म्हणतोय या फायली आधीपासूनच जागेवर आहेत, अपडेट होत नाही." आर्चनं लिनक्स-फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या सुट्या भागांना लागणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरचं, एक मोठं पॅकेज फोडून त्याची अनेक लहान केली होती, आणि एनव्हिडियाच्या फर्मवेअरच्या काही जोडवाटांची मांडणी बदलल्यामुळे जुन्या-नव्याची टक्कर होत होती. त्यावर खुद्द आर्चच्या लोकांनीच उपाय जाहीर केला होता: अवलंबित्वाची तपासणी बाजूला ठेवून जुनं पॅकेज आधी काढा, लगेच नवं घाला. मी त्याला ती सूचना शेवटपर्यंत वाचायला लावली आणि मग म्हटलं, कर. तिथे सक्तीच बरोबर होती, कारण ज्यांनी पॅकेज बांधलं त्यांनी कारणासकट ती सांगितली होती. कुणाच्या तरी उत्तरातली आज्ञा उचलून चिकटवणं वेगळं, आणि हे वेगळं.

आणि होल्डही वाईट नाही. या क्षणी माझ्या घरच्या लॅपटॉपवर एक पॅकेज मी अडकवून ठेवलंय: लोहित देवनागरी फॉन्टचं. वाचनालयाची स्मरणिका त्या फॉन्टात लावतेय आणि पानं पडली आहेत. फॉन्टात एखाद्या जोडाक्षराची रुंदी केसभर जरी बदलली तरी ओळी सरकतात, ओळी सरकल्या की पानं सरकतात, आणि अनुक्रमणिका खोटी ठरते. या वेळी मात्र मी नुसता होल्ड लावला नाही. ॲप्टच्या प्रेफरन्सेसच्या फायलीत आवृत्ती बांधून ठेवायची सोय आहे, आणि त्या नोंदीच्या वर 'एक्स्प्लनेशन' अशी एक ओळ लिहिता येते. ॲप्ट ती वाचत नाही, ती माणसासाठी असते. इतकी वर्षं मला ती सोय माहीतच नव्हती. मी तिथे सरळ मराठीत लिहिलंय: "स्मरणिकेची पानं लागली आहेत. छपाईला गेली की हे काढणे."

संध्याकाळी साडेचारला संगणक पुन्हा सुरू झाला. पट्टी आली, खिडक्या आल्या, दाखलनोंद उघडली. मी सभासदांच्या यादीचं एक पान छपाईला दिलं. प्रिंटरनं कागद ओढला, जरा घुटमळला आणि पान बाहेर आलं. जोडाक्षरं, रफार, सगळं जागच्या जागी होतं. मामा आतून बघायला आले.

जाण्याआधी ताईंच्या चालू वहीत त्या दिवसाचं पान उघडून लिहिलं: "डेबियन १३ घातले. लिबकप्स२ वरचा नोव्हें. २०२३ चा होल्ड काढला. तो गरजेचा नव्हता, पहा २०२३ ची वही." दुसऱ्या दिवशी ताईंनी ते वाचून फोन केला. "कागद कुठं अडकतो ते नाही लिहिलंस," त्या म्हणाल्या. "मामा पुढच्या मार्चला निवृत्त होतायत. त्यांनाच विचार आणि त्यांच्याकडून चित्र काढून घे." शनिवारी मी गेले तेव्हा मामांनी प्रिंटरचं झाकण उघडून ठेवलं होतं आणि वहीच्या त्या पानावर पेन्सिलीनं डावीकडचा रोलर काढून त्याच्या टोकाशी बाण दाखवला होता.